जांभळ्या काड्या

माझ्या मामीला हॉस्पिटलात सगळे भिंगबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर ती मॅडम होती, कारण तिच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नव्हती. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पलीकडे जंतू तपासायची लॅब होती आणि तिथे मामी अठ्ठावीस वर्षं तंत्रज्ञ होती. त्यातली निम्मी वर्षं तरी तिने मायक्रोस्कोपवर वाकून काढली असतील. त्यामुळे की काय, ती माणसांकडेही एक डोळा किंचित बारीक करून बघायची. समोरच्याला उगाचच आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागायचं.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मामा-मामी पहिल्या मजल्यावर, आई आणि मी दुसऱ्या. मामा आईचा थोरला भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात जमेल तितकं कमी बोलायचा. आई त्याच हॉस्पिटलात सिस्टर होती, तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या कक्षाची प्रमुख. घरी मामी तिला 'वन्सं' म्हणायची आणि आई मामीला 'वहिनी'. हॉस्पिटलच्या फाटकातून आत पाऊल पडलं, की 'सिस्टर' आणि 'मॅडम'. संध्याकाळी परत येताना कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान ओलांडलं, की पुन्हा वन्सं आणि वहिनी. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच माहीत नव्हतं.

मामीचा संशय आम्हाला ताटातसुद्धा भेटायचा. भात शिजवून चार तास ओट्यावर राहिला, तर तो टाकून द्यायचा. गरम करून खाऊ म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "तू भात गरम करशील. त्यात त्याने आधीच सोडलेलं विष कसं गरम करून घालवशील?" 'तो' म्हणजे कुणीतरी घरात शिरलेला चोर असावा अशा थाटात ती बोलायची. डबाबंद मटार आणले, की डब्याचं झाकण बोटाने दाबून बघायची. फुगलेलं वाटलं, तर डबा न उघडता कचऱ्यात. मला एकदा गंजका खिळा लागला, तेव्हा मी रडायच्या आत तिने मला रिक्षात घातलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेईपर्यंत ती माझ्या जबड्याकडेच बघत होती.

"या जांभळ्या काड्यांचं खानदान फार मोठं," ती सांगायची. "आणि एकेक जण बिलंदर."

काचेवर जंतू पसरून त्यांना आधी जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं. काहींचा रंग धुऊन जातो. मग वरून दिलेल्या गुलाबी रंगात ते गुलाबी दिसतात. काही मात्र जांभळेच राहतात. त्या जांभळ्यांमध्ये काही गोल ठिपके, तर काही लांबट काड्या. मामीचं वैर या काड्यांशी. धनुर्वात त्यांच्यातला, घटसर्प त्यांच्यातला, जखमेत वायू धरून मांस सडवणारा त्यांच्यातला, कातडी कमावणाऱ्यांच्या हातावर काळी पुळी उठवणारा अँथ्रॅक्स त्यांच्यातला. एक तर फ्रिजच्या थंडीतही आरामात वाढतो आणि गरोदर बाईला साधा ताप आणून तिच्या बाळावर डाव साधतो.

"आणि सगळ्यात वाईट काय माहितीय?" ती म्हणायची. "यांच्यासारखेच दिसणारे शेकडो निरुपद्रवी भाऊबंद धुळीत, कातडीवर, सगळीकडे असतात. त्यामुळे काडी दिसली, की डॉक्टर म्हणतात, धूळ पडली असेल. खरा गुन्हेगार त्या गर्दीतून मिशीला पीळ देत निघून जातो."

असा एक तिने तरुणपणी पकडला होता. एका शाळकरी मुलीच्या घशाचा नमुना आला होता, टॉन्सिल म्हणून. मामीला काचेवर काड्या दिसल्या, काड्यापेटी सांडल्यासारख्या वेड्यावाकड्या पडलेल्या. कुणी न सांगता तिने वेगळा रंग चढवला, टोकांना गडद दाणे दिसले, आणि ती ओला ॲप्रन घालूनच वॉर्डात पळाली. घटसर्प होता. मुलगी वाचली. भिंगबाई हे नाव तिला त्यानंतर पडलं.

पण मला सांगायचंय ते बाळांच्या कक्षाचं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

त्या वर्षी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर भिंती फोडायचं काम चालू होतं. कक्ष वाढवायचा होता. दिवसभर ठोकाठोक, जिन्यात पांढरी धूळ, आणि आई घरी येऊन तासभर चिडलेली. "सहा-सहाशे ग्रॅमची बाळं आहेत माझ्याकडे आणि हे भिंती फोडतायत!" तिने दारांना ओल्या चादरी लावल्या, प्रत्येक बाळाच्या काचेच्या पेटीशेजारी हात पुसायला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यांची वेगळी बरणी ठेवली, आणि बाळाला हात लावायच्या आधी स्पिरिट लावलं नाही तर ती डॉक्टरांनाही मागे फिरवायची.

एका सकाळी त्या कक्षातल्या एका बाळाच्या रक्ताची बाटली लॅबमध्ये गढूळ झाली. म्हणजे रक्तात काहीतरी वाढत होतं. मामीने काच बनवली. जाड, मोठ्या, जांभळ्या काड्या, मालगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. काहींच्या पोटात रंग न धरलेला एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे बीजाणू. जंतू संकटकाळी स्वतःला एका कवचात बंद करून घेतो, ते कवच.

लॅबच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे सर म्हणायचे. ते दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते आणि तोवर काही विपरीत होऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी काच पाहिली. "बॅसिलस. धुळीतला. वर काम चाललंय ना? कंटॅमिनेशन लिहा."

मामीने तसं लिहिलं. ते बाळ आपोआप सावरलंही. पण तिच्या मनात पाल चुकचुकलीच, कारण त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं, "वन्सं, तीन नंबरच्या पेटीतलं बाळ दूध पितंय का?" घरी हॉस्पिटलचं बोलायचं नाही असा दोघींचा नियम होता. आईने चमकून पाहिलं. "का?"

"सहज."

मामी सहज काही विचारत नाही हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

पाच दिवसांनी दुसरी बाटली गढूळ झाली. पाच नंबरची मुलगी. त्याच काड्या. सर म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण आठवड्यात दोनदा? हात तपासा आपले." लॅबमधल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या. भिंगबाईच्याच भिंगाखाली धूळ निघाली, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनमध्ये पोचली होती.

दुसऱ्या कुणी अपमान गिळून गप्प बसलं असतं किंवा भांडलं असतं. मामीने स्वतःवर संशय घेतला. तिने आपल्या दहाही बोटांचे ठसे जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या थराच्या प्लेटवर उमटवले. टेबलावर उघड्या प्लेटा ठेवल्या. वीस कोऱ्या बाटल्या, त्यात रक्त न घालता, नेहमीच्या सगळ्या हातखटपटीतून काढून लॅबच्या उबदार कपाटात, इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दोन दिवसांनी वीसच्या वीस बाटल्या स्वच्छ. टेबलावर थोडी धूळ उगवली, पण त्यात ती जाड काडी नव्हती.

त्या दोन दिवसांत पाच नंबरची मुलगी गेली.

आई घरी आली तेव्हा चपला न काढता खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मामी वर आली, दारातच उभी राहिली. "कोणतं औषध चालू होतं तिला?"

"वहिनी, आत्ता नको."

"सांगा ना."

आईने सांगितलं. नेहमीची दोन औषधं, बाळांना ताप आला की देतात ती. मामी खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिने त्या काड्या प्लेटवर पसरल्या आणि वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवल्या. जे औषध मारक असतं, त्याच्या चकतीभोवती मोकळं गोल रिंगण राहतं. पुढच्या सकाळी पाहिलं, तर त्या मुलीला दिलेल्या मुख्य औषधाभोवती रिंगणच नव्हतं. जंतू चकतीला खेटून वाढले होते. दुसऱ्या एका, जरा जड औषधाभोवती मोठं रिंगण होतं.

त्याच सकाळी तिसरी बाटली गढूळ झाली.

मामीने ती काच, ती प्लेट, सगळं सरांपुढे मांडलं. सर चष्मा पुसत राहिले. "याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला? एक मूल दगावलंय. आपण कागदावर धूळ लिहिलंय."

"म्हणूनच म्हणतेय."

"अजून एक दिवस बघू."

मामी प्लेट ॲप्रनखाली धरून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेली आणि बाळांच्या डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्या तरुण होत्या, नुकत्या रुजू झालेल्या. त्यांनी दोन मिनिटं प्लेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, "औषध बदलते. सरांना मी सांगेन." तिसऱ्या बाळाचा ताप चौथ्या दिवशी उतरला.

आता जंतू लॅबमधला नाही, वॉर्डातला आहे, एवढं पक्कं झालं होतं. पण वॉर्डात कुठे? आणि वॉर्ड होता माझ्या आईचा.

मामी प्लेटांचा ट्रे घेऊन तिथे गेली तो प्रसंग मला दोघींनीही वेगवेगळा सांगितलाय. पण संवाद दोघींचा सारखाच आहे.

"सिस्टर, तुमच्या सगळ्या नर्सेसच्या बोटांचे ठसे हवेत. तुमचेही."

"माझे?"

"सगळ्यांचे."

"मॅडम, इथे मी हात पुसल्याशिवाय कुणाला वाऱ्यालाही उभं करत नाही. तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी माझ्यावर आधी घेतला. आता तुमच्यावर घेतेय."

आईने शेजारच्या बरणीतून स्पिरिटचा बोळा उचलला, सगळ्यांसमोर दहाही बोटं सावकाश पुसली, वाळू दिली, आणि प्लेटवर अशी दाबली की आतला थर चिरला.

दुसऱ्या सकाळी अकरा जणींपैकी आठ जणींच्या ठशांत ती जाड काडी उगवली. सगळ्यात जास्त आईच्या. राखाडी-पांढरे, दुधी काचेसारखे खरखरीत डाग, आणि त्यांच्याभोवती रक्त विरघळून गेलेलं.

हा कागद सरांमार्फत अधीक्षकांकडे गेला. एकदा बोट दाखवायला माणूस सापडला, की मोठ्या कचेऱ्यांना किती हलकं वाटतं ते मी तेव्हा पाहिलं. दुपारपर्यंत आईच्या हातात चिठ्ठी होती: चौकशी पूर्ण होईपर्यंत कक्षात येऊ नये. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिला कधी कुणी साधं लेखी विचारलंही नव्हतं.

घरात मग जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात आवाज असतो. आईने मामीशी बोलणं बंद केलं. मामा रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बघायला वर यायचा. त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. तो ते काढायचा, उघडायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. एकदा न राहवून म्हणाला, "तिचा स्वभावच तसा आहे गं. तिने मलाही लग्नाआधी रक्त तपासायला लावलं होतं."

"दादा, तुझ्या रक्तात काही निघालं असतं तर तिने लग्न केलं असतं का?"

मामाने घड्याळ पुन्हा उघडलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्याही मनात संशयाने घर केलं होतं. आई कणीक मळायला बसली, की माझी नजर तिच्या बोटांवर जायची. तिने ते एकदा पाहिलं. उठून हात धुतले. त्याची मला अजून लाज वाटते. पण आईलाही स्वतःची खात्री राहिली नव्हती. सारखी हात धुवायची. नखं मुळापासून कापली होती. एकदा मी तिला हाताची पाठ दिव्याखाली धरून बघत बसलेली पाहिली, जणू त्या काड्या डोळ्यांनी दिसणार होत्या.

आई घरी बसल्याच्या पाचव्या दिवशी मामी वर आली. हातात एक प्लेट. "वन्सं, पुन्हा बोटं लावा."

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. "पोट भरलं नाही अजून?"

"चौथं बाळ आजारी पडलंय. आज सकाळी."

आई वळली. मामी पुढे म्हणाली, "तुम्ही पाच दिवस तिथे नाही. मग ते कुणी नेलं? मला तुमची आजची बोटं हवीत. लावा."

आईने लावली. चौथ्या बाळाला पहिल्या तासापासून ते जड औषध चालू झालं होतं, एवढं मामीने जाता जाता सांगितलं.

त्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी ती काडी नव्हती. एकही नाही. म्हणजे आईच्या हातांवर काडीचं बिऱ्हाड नव्हतंच. ती तिथे रोज नव्याने येत होती. मामी नंतर मला म्हणाली, "तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की सगळ्यात जास्त घाण सगळ्यात जास्त हात पुसणारीच्या बोटांवर का निघावी? उलट व्हायला हवं होतं. मी माणसं तपासत बसले होते. माणसं कशाला हात लावतात ते बघितलंच नव्हतं."

ती वॉर्डात गेली आणि एका पेटीशेजारची स्पिरिटची बरणी उचलून घेऊन आली.

सरांनी कपाळाला हात लावला. "स्पिरिट तपासताय? मॅडम, उद्या साबणाला ताप येतो का तेही बघाल!"

"बघेन, गरज पडली तर."

तिने बरणीतला एक बोळा उचलला, जंतू वाढायच्या निर्मळ रसाच्या बाटलीत टाकला आणि बाटली इन्क्युबेटरमध्ये ठेवली. सकाळी रस ताकासारखा गढूळ होता. काचेवर तीच मालगाडी.

स्पिरिट जंतूंना मारतं. पण कवचात बंद असलेल्या बीजाणूला मारत नाही. तो त्यात बुडून स्वस्थ पडून राहतो, महिनोन् महिने. भिंती फोडल्याची धूळ भांडारात गेली होती आणि भांडारात कापसाचे गठ्ठे उघडे पडले होते. त्या कापसाचे बोळे बरणीत. बरणी रिकामी करून, उकळून, पुन्हा भरायची असा जुना नियम. पण स्पिरिट वाया जातं म्हणून वरच्या वर भर घालायची, असा भांडाराकडून निरोप आला होता आणि सगळे वॉर्ड तसंच करत होते. बरणीच्या तळाशी दोन महिन्यांचा गाळ साचला होता. मामीने पाच वॉर्डांतल्या बरण्या तपासल्या. सगळीकडे कमी-जास्त काड्या. मोठ्या माणसांच्या धडधाकट कातडीला त्यांनी काही केलं नव्हतं. सहाशे ग्रॅमच्या बाळाच्या, सुईने टोचलेल्या, कागदासारख्या कातडीतून त्या आत गेल्या होत्या.

सील न तोडलेल्या पिंपातलं स्पिरिट मात्र स्वच्छ निघालं. तेही तिने तीनदा तपासलं, कारण पहिल्या दोन वेळांवर तिचा विश्वास नव्हता.

बरण्या गेल्या. साबण, वाहतं पाणी, वाफेच्या दाबाखाली शिजवून निर्जंतुक केलेला कापूस, छोट्या पुड्या. भिंतींचं काम बाळांना दुसरीकडे हलवेपर्यंत थांबलं. चौथं बाळ वाचलं आणि पुढे पाचवी बाटली गढूळ झाली नाही. आईला परत बोलावणारी चिठ्ठी आली. तिच्यात 'गैरसमज' असा शब्द होता.

आई परत जायच्या आदल्या दिवशी मामी वर आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिथेच होते.

आई म्हणाली, "एक विचारू? तुला खरंच वाटलं होतं, की मी हात धूत नाही?" इतक्या वर्षांत ती मामीला पहिल्यांदाच 'तुला' म्हणाली होती.

"हो," मामी म्हणाली. "दोन दिवस वाटलं होतं."

"नाही म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता." मग म्हणाली, "पण प्रत्येक पेटीशेजारी बरणी मीच ठेवली गं. सगळ्यांना धाक घालून बोटं बुडवायला लावली. त्या मुलीला मीच..."

मामीला सांत्वन करता येत नाही. ती म्हणाली, "भाजी चिरायची राहिलीय का?" आणि सुरी शोधायला लागली. दोघींनी मिळून भाजी चिरली. आई रडत होती आणि मामी प्रत्येक तुकडा उलटून बघत होती.

मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभराने लॅबच्या खिडकीशी एक बाई आली. वय तेवीस-चोवीस. तिने औषधाची एक छोटी धुतलेली बाटली खिडकीतून आत सरकवली. तळाशी दूध होतं.

"हे तपासून द्याल का?"

"कुणाचं?" मामीने विचारलं.

"माझं. पाच नंबरच्या पेटीत माझी मुलगी होती. घरी सासूबाई म्हणतात, माझ्या दुधातूनच गेलं असणार. दूध अजून येतंय, म्हणून म्हटलं आहे तोवर तपासून घ्यावं."

हॉस्पिटलने घरच्यांना फक्त 'जंतुसंसर्ग' असं सांगितलं होतं. बरण्यांबद्दल बाहेर बोलायचं नाही असा अधीक्षकांचा तोंडी हुकूम होता. मामी म्हणाली, "तपासायची गरज नाही. तुमच्या दुधात काही नव्हतं."

"तुम्ही न बघताच सांगताय," ती बाई म्हणाली. "सगळे असंच गोड बोलतात."

मामीने बाटली घेतली. "उद्या अकराला या."

दुसऱ्या दिवशी मामीने आईला फोन करून खाली बोलावलं आणि त्या बाईला लॅबच्या आत नेलं, जिथे बाहेरच्या माणसाला नेत नाहीत. टेबलावर दोन प्लेटा ठेवल्या. "ही तुमच्या दुधाची. हे चार बारीक ठिपके कातडीवरचे, प्रत्येक आईच्या दुधात असतात. आणि ही दुसरी, तुमच्या मुलीच्या रक्तातली. सारखं काही दिसतंय का? माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा."

बाईने दोन्ही प्लेटांवर वाकून खूप वेळ पाहिलं. मायक्रोस्कोपमधूनही पाहिलं, मामीने तिच्यासाठी स्टूल उंच केलं. मग तिने विचारलं, "मग हे कुठून आलं?"

मामीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आमच्या वॉर्डातून. हात पुसायच्या स्पिरिटमधून. ते स्पिरिट लावून तुमच्या मुलीला रोज हात लावणारी मी."

ती बाई ओरडेल, मारेल, असं आईला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मला कळावं म्हणून सांगताय, की तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

आई नंतर मला म्हणाली, दोन्हीसाठी होतं.

बाई म्हणाली, "हे कागदावर द्या. घरी दाखवायचंय."

मामीने रिपोर्ट लिहिला. दुधात रोगकारक जंतू नाहीत. मुलीच्या रक्तातला जंतू वॉर्डातल्या स्पिरिटमध्ये सापडला. रिपोर्टवर सही सरांचीच लागायची. मामी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली. सरांनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी. चष्मा काढला.

"ही दुसरी ओळ कुणी विचारली होती?"

"त्या मुलीच्या आईने."

"याचं पुढे काय होईल, माहितीय?"

"माहीत नाही, सर. पण पहिल्या बाटलीवर आपण धूळ लिहिलं, आणि तो कागदही याच फायलीत आहे."

मामी म्हणते, सरांनी कागद दोन्ही हातांत उचलला तेव्हा तिला वाटलं, ते तो फाडणार. तिचा त्यांच्यावर अजिबात भरवसा नव्हता. तिने येण्याआधीच एक नक्कल करून ठेवली होती. पण त्यांनी पेन उघडलं आणि दोन्ही ओळींखाली सही केली.

त्या कागदामुळे चौकशी झाली, खरीखुरी. भांडाराचा नियम बदलला. आईची एक पगारवाढ थांबली, बाहेर बोलल्याबद्दल मामीला लेखी ताकीद मिळाली, सर ठरल्या तारखेला निवृत्त झाले. मरण पावलेल्या मुलीच्या घरच्यांना अधीक्षकांनी बोलावून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. दूध घेऊन आलेली ती बाई खुर्चीवर बसली होती, आणि कागद तिच्या सासूच्या हातात होता. सासूने तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि सुनेला म्हणाली, "चल, घरी जाऊ."